चांदणी लपवणारा रॉबिन: केनियाच्या डोंगरी जंगलात एक लाजाळू गाणारा पक्षी कसा पाहावा

आपल्याकडून केनियाला जाणाऱ्या सहलींचा साचा ठरलेला आहे. मसाई मारा, नाकुरू, अंबोसेली, शेवटच्या दिवशी नैरोबीत खरेदी आणि रात्रीचं परतीचं विमान. सिंह, चित्ता, फ्लेमिंगो सगळं होतं. जंगल मात्र राहून जातं, कारण मारा म्हणजे गवताळ माळ. खरं दाट, ओलं, शेवाळलेलं जंगल डोंगरांवर आहे आणि ते नैरोबीपासून दीड-दोन तासांत सुरू होतं. खरेदीचा तो एक दिवस वाचवून तिथं कसं जायचं आणि एक विशिष्ट पक्षी कसा पाहायचा, ते इथं क्रमाने सांगतो.

माझी पहिली फेरी वाया गेली होती. सहा तास पायपीट केली, आठ-नऊ किलोमीटर तुडवले आणि पदरात पडला तो फक्त पळून जाणाऱ्या शेपटीचा पिवळा लखलखाट. दुसऱ्या वेळी दोनशे मीटरसुद्धा चाललो नाही आणि पक्षी चार मीटरवर येऊन बसला. हा पक्षी शोधायला गेलात तर दिसत नाही, वाट बघत बसलात तर दिसतो. खालची सगळी तयारी त्या बसण्यासाठी आहे.

आधी घरी बसून ओळख करून घ्या

इंग्रजीत याला व्हाइट-स्टार्ड रॉबिन म्हणतात. शास्त्रीय नाव पोगोनोसिक्ला स्टेलाटा. व्हिएयो या फ्रेंच पक्षितज्ज्ञाने १८१८ मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं. स्टेलाटा म्हणजे चांदण्या असलेला. मराठीत रूढ नाव नाही, म्हणून मी आपला चांदणी रॉबिन म्हणतो. आपला दयाळ आणि शामा ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. त्यामुळे शेपूट उडवण्याची, मान तिरकी करून जमिनीकडे बघण्याची ढब ओळखीची वाटेल. आकाराने मात्र दयाळापेक्षा लहान, साधारण चिमणीएवढा.

मोठ्या पक्ष्याचं डोकं पाटीच्या रंगाचं, निळसर राखाडी. पाठ शेवाळी हिरवी. छाती-पोट झगझगीत पिवळं. शेपूट मधोमध आणि टोकाला काळी, दोन्ही बाजूंना पिवळी. उडताना काळ्या चौकटीत पिवळ्या खिडक्या उघडल्यासारखी दिसते. नर-मादी सारखेच. ज्यावरून नाव पडलं त्या पांढऱ्या चांदण्या तीन: प्रत्येक डोळ्याच्या पुढे एक आणि गळ्याच्या तळाशी एक. गंमत अशी की गळ्यावरची चांदणी बहुतेक वेळ पिसांत झाकलेली असते आणि डोळ्यांपुढच्या चांदण्याही पक्षी निवांत असला की आक्रसून बारीक ठिपक्याएवढ्या होतात. तो चिडला, घाबरला किंवा दुसऱ्या रॉबिनसमोर तोरा मिरवू लागला की त्या फुलतात. म्हणून चांदणी दिसली नाही म्हणजे हा तो नव्हे, असं समजू नका. डोकं, पोट आणि शेपूट एवढ्यावर ओळख पक्की होते.

अडचण तरुण पक्ष्यांची. पिल्लू गडद रंगाचं, अंगभर सोनेरी ठिपक्यांचं असतं, तेवढं समजण्यासारखं आहे. पण पुष्कळ भागांत पिल्लू थेट मोठ्यांचा वेष घेत नाही. मधे एक वेगळाच वेष येतो: डोकं-पाठ मळकट हिरवी, पोट फिकट पिवळं आणि त्यावर हिरवट रेघोट्या. हा वेष बराच काळ टिकतो. नवखा माणूस अशा वेळी पुस्तकाची दहा पानं चाळतो आणि शेवटी चुकीच्या पक्ष्यावर बोट ठेवतो. तेव्हा शेपूट बघा. रंग जरा मळलेला असला तरी काळ्या-पिवळ्याची मांडणी तीच असते. याला अपवाद युगांडाच्या सीमेवरच्या माउंट एल्गनचा. तिथल्या पक्ष्यांची शेपूट काळीच असते.

घोटाळा होऊ शकतो तो डोंगरी बुलबुलाशी. माउंटन ग्रीनबुल नावाचा हा पक्षी त्याच जंगलात राहतो, डोकं राखाडी, अंग हिरवट. पण तो मोठा, धसमुसळा, बडबड्या आणि बहुधा फांद्यांमध्ये असतो. आणि हॉटेलच्या हिरवळीवर बिनधास्त नाचणारा, पांढऱ्या भुवईचा, नारिंगी गळ्याचा पक्षी म्हणजे केप रॉबिन-चॅट. तो आपल्या दयाळासारखा बागेतला.

जागा निवडा

दक्षिण सुदानपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत हा पक्षी आढळतो, पण सलग नाही. मधल्या उष्ण माळांवर तो नाही, डोंगरमाथ्यांवरच्या जंगलांत आहे. नीलगिरी-मुन्नारच्या शोला जंगलांतले पक्षी जसे आपापल्या डोंगराला चिकटून असतात, तसंच. प्रत्येक डोंगररांगेचा रॉबिन रंगात किंवा शेपटीत जरासा वेगळा, म्हणून याच्या दहाच्या आसपास उपजाती मानतात. केनियात १,६०० ते ३,००० मीटर उंचीचं जंगल डोळ्यांसमोर ठेवा.

एकच दिवस असेल तर गाटामायू. नैरोबीच्या वायव्येला, अबरडेअर रांगेच्या दक्षिण टोकाशी किकुयू एस्कार्पमेंट जंगलाचा हा भाग आहे. रस्ता लिमुरूच्या चहामळ्यांतून जातो. मुन्नारला जाऊन आलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल असा तो देखावा आहे. मळे संपतात आणि जंगलाची भिंत उभी राहते. हार्टलॉब्ज तुराको आणि बार-टेल्ड ट्रोगन हे दोन देखणे पक्षीही इथेच. रॉबिन रुसला तरी फेरी फुकट जात नाही.

दोन दिवस असतील तर माउंट केनियाच्या दक्षिण उतारावरचं कॅसल फॉरेस्ट. तिथं जंगलातच राहता येतं, आणि या पक्ष्यासाठी पहाट व संध्याकाळ दोन्ही मिळणं फार मोलाचं. अबरडेअर राष्ट्रीय उद्यानातही तो आहे, पण तिथं बराचसा वेळ गाडीत जातो. गाडीतून हा पक्षी पाहायचा विचार सोडून द्या.

किलिमांजारो चढायला मराठी ट्रेकर दरवर्षी जातात. त्यांच्यासाठी खास: मारांगू वाटेचा पहिला दिवस, फाटकापासून २,७०० मीटरवरच्या मांडारा झोपड्यांपर्यंत, पूर्ण जंगलातून जातो. रॉबिन तिथंच असतो आणि शिखराच्या ध्यासात सगळे त्याच्या शेजारून निघून जातात. वाटाड्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की ओढ्यापाशी अर्धा तास थांबायचंय. 'पोले पोले', म्हणजे सावकाश सावकाश, हा तिथला मंत्रच आहे, त्यामुळे तो हसत कबूल होईल.

युगांडात ब्विंडीच्या रुहिजा भागात, रवांडात न्युंग्वेमध्ये, टांझानियात लुशोटोजवळच्या मगांबा जंगलात हा आहे. दक्षिण आफ्रिकेत तर क्वाझुलू-नाताळमध्ये काही पक्षी हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, डोंगर उतरून किनाऱ्याकडच्या जंगलांत येतात. डर्बनला नातेवाईक असतील तर तेव्हा एशोवेच्या द्लिंझा जंगलात चक्कर मारा.

निघण्याआधीची कागदपत्रं

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. केनियाहून भारतात परतताना हे पिवळं कार्ड नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात, तेव्हा ते पासपोर्टला लावूनच ठेवा. साठी उलटलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. ती निघण्याआधीच काढायची असते.

आणि एक गोष्ट, जी आपल्या लोकांना हमखास नडते: प्लास्टिकच्या पिशव्या. केनियात ऑगस्ट २०१७ पासून त्यांवर बंदी आहे, आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानं व जंगलांत एकदाच वापरायचं प्लास्टिक, पाण्याच्या बाटल्यांसकट, नेता येत नाही. चिवडा आणि लाडू स्टीलच्या डब्यात, पाणीही स्टीलच्या बाटलीत. कॅरीबॅगा घरीच ठेवा.

माणूस गाठा

एकट्याने जाऊ नका. माउंट केनिया आणि अबरडेअरच्या जंगलात हत्ती आणि रानरेडे आहेत, आणि धुक्यातल्या पायवाटेवर रानरेडा समोर आला तर दुर्बिणीचा काही उपयोग नसतो. वनखात्याचं प्रवेशशुल्क भरून स्थानिक वाटाड्या घ्या. नैरोबीत नेचर केनिया या संस्थेची दर बुधवारी सकाळी पक्षीफेरी निघते. तुमच्या तारखांत बुधवार येत असेल तर तिथं चांगले वाटाडे कोण, हे विचारता येतं.

वाटाड्याशी बोलताना पक्ष्याचं इंग्रजी नाव सांगा. 'न्देगे' हा स्वाहिली शब्द पक्ष्यालाही लागतो आणि विमानालाही, त्यामुळे नुसतं न्देगे बघायचाय म्हटलं तर गंमत होते. आणि पहिल्याच मिनिटाला स्पष्ट करा: यादी भरायची नाही, एकाच पक्ष्यासाठी बसायचंय. चांगला वाटाड्या तुम्हाला जास्तीत जास्त पक्षी दाखवायला बघतो आणि त्यासाठी चालवत राहतो. माझ्या पहिल्या फेरीत नेमकं हेच झालं. दोष त्याचा नव्हता, मी तोंड उघडलं नव्हतं.

सामान

दुर्बीण ८ बाय ४२ची न्या, १० बाय ४२ची नको. आकड्यांत सांगायचं तर भिंगाचा व्यास भागिले वर्धन करा: पहिलीत डोळ्यापर्यंत ५.२५ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो, दुसरीत ४.२. डोंगरी जंगलाच्या तळाशी सकाळी सातला दिवेलागणीसारखा उजेड असतो, तिथं हा फरक लगेच कळतो. शिवाय ८ च्या दुर्बिणीत जास्त रुंद दृश्य मावतं, त्यामुळे झुडपात उडी मारलेला पक्षी पटकन सापडतो. ती दोन मीटरपर्यंत जवळचं स्पष्ट दाखवते का, ते घरी तपासा.

कपडे मळखाऊ रंगाचे आणि सळसळ न करणारे. आपले पावसाळी जॅकेट हलताना कुरकुर वाजतात. त्यावर सुती शर्ट चढवला की आवाज दबतो. विषुववृत्त आहे म्हणून उकडेल अशा समजुतीत राहू नका. २,२०० मीटरवर जुलै-ऑगस्टच्या सकाळी महाबळेश्वरची डिसेंबरची पहाट बरी वाटेल. बसायला छोटी फोमची चटई, पायात लांब मोजे आणि पँट त्या मोज्यांत खोचलेली. का, ते पुढे येईल. हातमोजेही असू द्या, कारण वाटेच्या कडेला आग लावणारी खाजरी झुडपं पुरुषभर उंच वाढतात.

वेळ

मार्च ते मे हा मोठा पाऊस आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत छोटा. मोठ्या पावसात लाल मातीचे रस्ते गाडी गिळतात. जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते सप्टेंबर सोयीचे. सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास उगवतो, म्हणून हिशोब सोपा आहे: सव्वासहाला जंगलाच्या कडेला हजर. म्हणजे नैरोबीहून पहाटे साडेचारला निघणं आलं. सकाळी साडेनऊनंतर रॉबिन आत सरकतो. पुन्हा संधी दुपारी साडेचारनंतर.

आता बसायचं

वाटेने सावकाश शंभर-दोनशे मीटर आत जा आणि जागा हेरा. लहानसा ओढा वाट ओलांडतो अशी वळणं उत्तम. वाटेची एक बाजू दरडीसारखी चढती, शेवाळलेली, मुळं बाहेर आलेली हवी. खाली पालापाचोळा आणि त्यावर झुडपांचं छप्पर, पण छपराखाली मोकळी जागा, म्हणजे नजर पाच-सहा मीटर आत जाते. पाठीमागे मोठा बुंधा मिळाला तर बसलेल्या माणसाचा आकार त्यात विरून जातो.

बसल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच होणार नाही. तुम्ही आल्यामुळे सगळं गप्प झालेलं असतं. फोन बंद, कुजबुज बंद, दुर्बीण छातीशी, हात तिच्यावर. नंतर पक्षी आला की हात वर नेण्याचं अंतर जितकं कमी तितकं बरं.

नजर कुठे ठेवायची, यातच निम्मे लोक चुकतात. सह्याद्रीत नारिंगी डोक्याचा कस्तुर बघणारे आपण पाचोळ्यावर डोळे लावतो, कारण कस्तुर पानं उलटत खसखस करत चरतो. चांदणी रॉबिनची पद्धत वेगळी. तो गुडघ्यापासून कमरेएवढ्या उंचीवर, आडव्या वेलीवर किंवा वाकलेल्या काटकीवर ताठ बसतो, जमिनीकडे टक लावतो, टपकन खाली उतरून किडा उचलतो आणि परत वर, पण दुसऱ्या काटकीवर. आवाज जवळजवळ नाही. तेव्हा पाचोळा सोडा आणि त्याच्या वरचा तो हातभर-दोन हातांचा पट्टा नजरेने चाळत राहा. साध्या डोळ्यांनी, दुर्बिणीने नव्हे. काहीतरी टपकलं असं वाटलं की मगच दुर्बीण.

मला तो पहिल्यांदा नीट दिसला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. ओढ्यापलीकडच्या वेलीवर काहीच नव्हतं, मग पिवळं काहीतरी होतं. मधली हालचाल मला दिसलीच नाही. त्याने शेपूट एकदा उघडमीट केली, खाली उतरला, चोचीत पतंगासारखं काही घेऊन माझ्या बाजूला आला आणि त्याला मी दिसलो. तो उडाला नाही. मान खाली घातली, आणि डोळ्यांपुढचे दोन पांढरे ठिपके कुणी दिव्याची वात वर करावी तसे मोठे झाले. चार-पाच सेकंद. मग वात खाली गेली आणि तो वेलीआड गेला.

तो गेला म्हणून उठू नका. पंधरा-वीस मिनिटांत बहुधा त्याच फेऱ्याने परत येतो, आणि दुसऱ्या वेळी जास्त निर्धास्त असतो.

अर्ध्या-पाऊण तासात काहीच नाही झालं तर शंभर मीटर पुढे दुसरी जागा. सकाळभरात अशा तीन-चार बैठका होतात. मधेच वर फांद्यांतून मिश्र थवा गेला तर इतर सगळे माना वर करतील, तेव्हा तुम्ही खाली बघा. वरच्या गडबडीत खाली पडणाऱ्या किड्यांवर रॉबिनचा डोळा असतो.

सियाफूची रांग मिळाली तर

सियाफू म्हणजे तिथल्या लढाऊ मुंग्या. हजारोंच्या संख्येने जंगलाच्या तळावरून चाल करून निघतात आणि त्यांच्यापुढे नाकतोडे, कोळी, झुरळं जीव घेऊन पळत सुटतात. पक्ष्यांना ही पंगत माहीत असते. चांदणी रॉबिन मुंग्या खायला येत नाही, मुंग्यांनी उठवलेले किडे टिपायला येतो, आणि त्या नादात त्याचा लाजाळूपणा बराच कमी होतो. म्हणून रांग दिसली की आनंद माना, पण रांगेत नव्हे, तिच्या पसरणाऱ्या तोंडापासून चार-पाच मीटर बाजूला उभे राहा. इथं बसायचं नाही. दर मिनिटाला पायांकडे बघायचं. मोज्यांत खोचलेली पँट यासाठी. एकदा सियाफू आत शिरली की ती चावा सोडत नाही, आणि मग जंगलात अब्रू सांभाळणं कठीण होतं.

आवाज, आणि आवाज वाजवण्याबद्दल

याची हाक हलक्या, ओल्या शिळेसारखी असते, बहुधा दोन स्वरांची. गाणंही हळूच, स्वतःशी गुणगुणल्यासारखं. प्रदेशागणिक हाका बदलतात, म्हणून झेनो-कँटो संकेतस्थळावरून केनियातलीच ध्वनिमुद्रणं निवडून आठवडाभर ऐका. कोकणात शामा आधी ऐकू येतो आणि मग दिसतो, तसंच इथं.

जंगलात मात्र स्पीकर काढू नका. ध्वनिमुद्रण लावलं की हा पक्षी येतो, खरं आहे. घुसखोर आला समजून येतो, आणि मग किती तरी वेळ खायचं सोडून हद्दीवर फेऱ्या मारतो. फुललेल्या चांदण्यांचा फोटो अशा वेळी सहज मिळतो आणि तसे फोटो समाजमाध्यमांवर पुष्कळ आहेत. मला ते बघवत नाहीत.

विणीचा काळ ओळखायची एक खूण सांगतो. आपला पावशा पावसाच्या तोंडावर 'पेरते व्हा' ओरडतो. तिथं त्याचा भाऊबंद रेड-चेस्टेड ककू, तीन स्वरांत ओरडतो आणि तिथले इंग्रजी बोलणारे त्यात 'इट विल रेन', पाऊस येणार, असं ऐकतात. पावशासारखाच तोही दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो आणि त्याच्या गिऱ्हाइकांत चांदणी रॉबिन आहे. ही हाक सारखी घुमत असेल तर आसपास रॉबिनची घरटी असणार असं धरून चाला. घरटं जमिनीवर, दरडीच्या उतारावर किंवा बुंध्याशी, वाळक्या पानांचं-शेवाळाचं छप्पर असलेलं आणि बाजूने दार असलेलं. पाचोळ्यात ते पाचोळ्यासारखंच दिसतं. त्या दिवसांत पायवाट सोडून एक पाऊलही टाकू नका.

फोटो

पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या, असा माझा सल्ला आहे. काढायचाच असेल तर आयएसओ ३,२०० ते ६,४००, शटर १/१२५ च्या आसपास, कोपर गुडघ्यावर टेकवून, एकेक फटका न मारता सलग चार-पाच. पक्षी टपकण्याआधी क्षणभर ताठ स्थिर होतो, तेवढ्यात. फ्लॅश नको. कॅमेऱ्याचा पिकपिक आवाज हॉटेलमध्येच बंद करून घ्या.

नोंद

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नुसतं नाव टाकून मोकळं होऊ नका. तो किती उंचीवर बसला होता, मुंग्यांच्या रांगेवर होता का, मोठा होता की हिरवट रेघोट्यांचा तरुण, शेपटीत पिवळं दिसलं का, एवढं दोन ओळींत लिहा. ही नोंद गाडीत बसल्या बसल्या करा, कारण संध्याकाळी विमानतळाच्या गर्दीत शेपटीचा रंग आठवत नाही. आणि घरटं सापडलं असेल तर त्याची नेमकी जागा आणि फोटो नोंदीत टाकू नका, वाटाड्याच्या कानावर घाला, म्हणजे तो दोन आठवडे पुढच्या लोकांना त्या वळणावर बसवणार नाही.